पुण्यात सक्युलंट जगवायचे असतील तर पावसाळ्यापासून सुरुवात करा

सक्युलंट, म्हणजे जाड गरदार पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं, उन्हाळ्यात मरतात असं बऱ्याच जणांना वाटतं पण पुण्यात तरी तसं नाही, इथे ते जातात जून ते सप्टेंबरमध्ये. एप्रिलच्या कडक उन्हात पानं सुरकुततात, कडा भाजतात, पण झाड तग धरतं, आणि मग ऑगस्टमध्ये एक दिवस सहज हात लावला की अख्खा गुच्छ हातात येतो, खालचं खोड काळं आणि मऊ पडलेलं असतं. लोक म्हणतात, अहो मी तर पाणी पण घातलं नव्हतं. नसेल घातलं, पण महिनाभर ऊन नाही, हवा दमट, कुंडीत नर्सरीतून आलेलं तेच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ते सुकणार कधी? म्हणून मला कोणी सक्युलंटबद्दल विचारलं की मी पावसाळ्याचंच आधी सांगते, वर्षभराची बाकीची कामं बरीचशी त्याचीच तयारी असते.

व्हिडिओ बघून काळजी घेणाऱ्यांची अजून एक पंचाईत होते. बरेचसे इंग्लिश व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात, तिथे हिवाळ्यात झाड घरात घ्यायचं, पाणी जवळपास बंद करायचं आणि उन्हाळ्यात वाढवायचं. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. गुलाबासारख्या गुच्छात पानं येणारी एचेवेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, छोट्या टोकदार पानांची हॉवर्थिया आणि जेड दक्षिण आफ्रिकेकडचे, ह्यांना दिवसा भरपूर उजेड आणि रात्री गारवा हवा असतो आणि पुण्यात तो मिळतो नवरात्रापासून होळीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ डिग्री, दिवसा लख्ख ऊन, हवा कोरडी, अजून काय पाहिजे. ही झाडं पानांवरची छिद्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्यामुळे पाणी वाचतं, पण रात्रसुद्धा तापलेली असेल तर हा सगळा कारभार मंदावतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये एचेवेरिया आणि हॉवर्थिया जवळजवळ थांबल्यासारख्या दिसतात. तेव्हा खत घालून काही उपयोग नाही. खत, कुंडी बदलणं, कटिंग लावणं, जे काय करायचं ते दसरा ते होळी या काळात करा. एकच मोठा अपवाद म्हणजे फुगीर बुंध्याचं अडेनियम, त्याला उन्हाळा आवडतो आणि थंडीत पानं गळतात, ती गळली म्हणून घाबरून पाणी वाढवू नका, कमीच करा.

कोणतं झाड घ्यावं

पहिलंच झाड घेताय तर झेब्रा हॉवर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लांट, घोस्ट प्लांट आणि जेड यातलं काहीतरी घ्या. आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा पोर्टुलाकारिया असतं, लालसर तपकिरी खोड आणि छोटी गोल पानं, ते खऱ्या जेडपेक्षाही दणकट आहे आणि पाणी थोडं जास्त झालं तरी सहन करतं, त्यामुळे नाव चुकीचं सांगितलं तरी बिनधास्त घ्या. कोरफड आणि पानफुटी तर आपल्याकडे परसात कधीपासून आहेतच, ती पण सक्युलंटच. ज्यांना घरात उन्हाची तिरीपही येत नाही त्यांनी स्नेक प्लांट आणि हॉवर्थिया सोडून दुसरं काही घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लिथॉप्स (दगडगोट्यांसारखी दिसणारी), स्ट्रिंग ऑफ पर्ल्स (मण्यांच्या माळेसारखी लोंबणारी) आणि गुलाबी-जांभळ्या रंगाच्या महागड्या एचेवेरिया मात्र पहिला पावसाळा निभावल्यावरच घ्या. ऑनलाइन मागवलेली बरीच झाडं कालिंपाँगसारख्या थंड ठिकाणच्या नर्सऱ्यांतून येतात, तिथे कडक उजेड आणि गार रात्री यामुळे त्यांना तो रंग चढलेला असतो, पुण्यात मे महिन्यात ती हिरवट होतात. झाड बिघडलेलं नसतं, थंडीत चांगलं ऊन मिळालं की रंग बराचसा परत येतो. वरती लाल-पिवळा गोळा असलेला मून कॅक्टस म्हणजे दोन झाडं एकमेकांवर कलम केलेली असतात, वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं म्हणून तो खालच्या हिरव्या कॅक्टसच्या जिवावर जगतो, फार वर्षं टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि रंग फवारलेली किंवा गोंदाने खोटी फुलं चिकटवलेली झाडं अजिबात घेऊ नका, पानावर रंगाचा थर बसला की उजेड आत जात नाही.

खरेदी शक्यतो ऑक्टोबर ते जानेवारीत करा. सोलापूर रोडने उरुळी कांचनकडे जाताना नर्सऱ्यांची रांगच आहे, आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्प प्रदर्शन भरतं तिथेही स्टॉल असतात. झाड उचलून बघा, बुंध्याशी हलकेच दाबा, हलत असेल किंवा मऊ लागत असेल तर ठेवून द्या. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तेही नको.

जाता जाता एक सांगते कारण फार कमी लोकांना माहीत असतं, आपल्या सह्याद्रीचं स्वतःचं एक सक्युलंट आहे, शिवसुमन. कड्यांच्या कपारीत वाढतं, शिवनेरीवर आहे, लालसर तपकिरी चांदणीसारखं फूल येतं. हे दुर्मिळ आहे आणि जगात फक्त महाराष्ट्रातच सापडतं, तेव्हा ट्रेकला दिसलं तर फोटो काढा, फांदी तोडून आणू नका.

माती आणि कुंडी

नर्सरीतून आणलेलं झाड आहे त्या कोकोपीटमध्ये ठेवू नका. कोकोपीट नर्सरीवाल्याला सोयीचं, हलकं असतं, पण आपल्याकडे ते एकतर दगडासारखं सुकतं आणि मग पाणी बाजूने वाहून जातं, नाहीतर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. झाड हळूच काढून मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी मोकळं करा, मध्ये कधी कधी जाळीची छोटी पिशवी असते ती कापून काढा, आणि दोन-तीन दिवस झाड सावलीत तसंच कोरडं ठेवून मग नव्या मातीत लावा. लावल्यावर लगेच पाणी नाही, आठवडाभर थांबायचं.

माझं मिश्रण असं, दोन भाग खडबडीत माल, एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग जुनं गांडूळखत. खडबडीत माल म्हणजे परलाईट (पांढरे हलके दाणे), प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), विटेचे बारीक तुकडे, कोळशाचे तुकडे, बारीक खडी, यातलं जे सहज मिळेल ते, दाणा साधारण ३ ते ५ मिलिमीटरचा हवा आणि धूळ चाळून टाकलेली हवी, कारण ती धूळच पुढे गाळ होऊन बसते. बांधकामाची बारीक वाळू नको, ती उलट माती घट्ट करते. शेतातली काळी माती तर अजिबातच नको, ती ओली झाली की चिकट आणि सुकली की भेगा. कॅक्टस आणि अडेनियमला खडबडीत माल अजून वाढवा. कुंडी भरून पाणी ओतून बघा, पाणी वर साठून न राहता भरभर खाली आलं पाहिजे.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा चांगला होतो हे सगळीकडे सांगतात पण तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडकतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या अजून जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवला की पुरे.

कुंडी मातीची सगळ्यात उत्तम, कुंभारवाड्यात छोट्या छोट्या मिळतात, भोक आहे ना बघून घ्या. मातीची कुंडी बाजूनेही पाणी सोडते म्हणून लवकर सुकते. काचेचे बाऊल, भोक नसलेले सिरॅमिकचे मग, गिफ्टमध्ये येतात ते दिसायला छान असतात पण पुण्याच्या पावसाळ्यात त्यात झाड टिकणं अवघड. आणि कुंडी झाडापेक्षा बोटभर मोठी घ्यायची, जास्त मोठी घेतली की न वापरलेली माती ओली राहते.

पाणी

आठवड्यातून किती वेळा हा प्रश्नच सोडून द्या. अगरबत्ती जळून उरलेली बांबूची काडी घ्या, कुंडीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा, काडी गार लागली किंवा माती चिकटली तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तर पानाकडे बघा, खालची पानं जराशी मऊ पडलेली, बोटाने दाबल्यावर दबणारी असतील तर पाणी घाला, आणि घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, बशीत साठलेलं ओतून टाका. रोज चमचाभर पाणी, किंवा स्प्रेने पानं ओली करणं, या दोन्ही सवयी वाईट. एचेवेरियाच्या मधल्या गुच्छात पाणी साठलं तर फुंकर मारून काढा.

सुरकुतलेलं पान आणि सडलेलं पान यातला फरक एकदा कळला की निम्मं काम झालं. तहानलेलं पान सुरकुततं, पातळ होतं, पण रंग तोच राहतो आणि ओढलं तरी सुटत नाही. जास्त पाण्याचं पान पिवळट, पारदर्शक, फुगीर होतं आणि नुसत्या धक्क्याने गळून पडतं. सगळ्यात खालचं एखादं पान कागदासारखं वाळलं तर ते नैसर्गिक आहे, काळजी करू नका, पण काढून टाका.

सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं, कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा मोह होतो पण सक्युलंटला नको, त्यात क्षार अजून जास्त. फरशी पुसायला वापरा. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवलं आणि उघडीप मिळाली की वापरलं तर फार छान.

ऊन कुठून येतं ते बघा

हे पुण्यात राहणाऱ्यांनी नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. याचा अर्थ ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे त्यांना थंडीत ऊन पार हॉलपर्यंत आत येतं, आणि जून-जुलैमध्ये जवळजवळ काहीच नाही, वर ढगाळ. म्हणून तीच कुंडी, तीच जागा, जानेवारीत झाड टुमटुमीत आणि जुलैमध्ये लांबुळकं होऊन मान टाकतं. दोन पानांमधलं अंतर वाढायला लागलं, गुच्छ सैल पडून पानं खाली वळली, की समजायचं उजेड कमी पडतोय. अशा वेळी झाड बाल्कनीच्या अगदी कडेला, पण पाऊस लागणार नाही असं सरकवायचं, नाहीतर ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा खास दिवा, लावायचा. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोपी, सकाळचं चार तास ऊन मिळालं की पुरतं. पश्चिमेला मार्च ते मे दुपारनंतर शेडनेट लागतेच, ५० टक्केवाली हिरवी घ्या.

जागा बदलताना एकदम सावलीतून उन्हात नेऊ नका. दोन आठवडे थोडं थोडं ऊन वाढवत न्या. भाजलेल्या पानावरचा पांढरट तपकिरी डाग परत कधीच जात नाही.

मृगाच्या आधीची कामं

मे संपत आला की एक रविवार यासाठी काढाच. सगळ्या कुंड्या उतरवा, प्रत्येक झाडाची वाळलेली पानं चिमटीने काढा, बुंध्याशी हवा खेळली पाहिजे, कारण बुरशीला ओली वाळकी पानं फार आवडतात. मातीवर बोटाच्या पेराएवढा बारीक खडीचा थर द्या म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकणार नाहीत. सगळ्या बशा काढून ठेवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडा. एकदा बुरशीनाशक फवारा, साफ नावाची पावडर कुठल्याही खताच्या दुकानात मिळते, लिटरला २ ग्रॅम, हातात ग्लोव्ह्ज आणि तोंडाला मास्क लावून, मुलं आणि प्राणी दूर ठेवून. पाकिटावरचं वाचून घ्या.

मग झाडं पावसाच्या झडीपासून हलवा. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो त्यामुळे पश्चिमेच्या बाल्कनीत झड थेट आत येते, तिथे ग्रिलला वरून पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट तिरकी लावली तर उजेड राहतो आणि पाणी अडतं. पण चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका, आत वाफ कोंडते आणि झाडं अजून लवकर सडतात. कोथरूड, वारजे, बावधनकडे हडपसरपेक्षा पाऊस जास्त, तेव्हा मैत्रिणीची झाडं तिकडे उघड्यावर जगली म्हणून आपली पण जगतील असं नाही. सततच्या पावसाच्या दिवसांत घरातला टेबल फॅन दिवसातून दोनेक तास झाडांकडे फिरवा, याने खरंच फरक पडतो.

पावसाळ्यात कॅक्टसला पाणी बंदच. बाकीच्यांना काडीची परीक्षा आणि मऊ पान, दोन्ही झाल्याशिवाय नाही, आणि घालायचं तेव्हा उघडीप असलेल्या दिवशी सकाळी, कुंडीच्या कडेने, थोडंसं. खत शून्य. गोगलगायी येतात, रात्री टॉर्च घेऊन बघा, हाताने उचलणं हाच उपाय.

एवढं करूनही एखादं झाड सडायला लागलंच तर वाट बघू नका, त्याच दिवशी कापा. कटरचं ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या, सडलेल्या भागाच्या वर आडवा काप द्या आणि कापलेला भाग उजेडात धरून बघा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा वाळ्यासारखं गोल कडं दिसलं तर सड वर चढलेली आहे, ब्लेड पुन्हा पुसा आणि अजून थोडं वर कापा. असं करत करत पूर्ण हिरवट पांढरा, कोरडा, एकसारखा काप मिळेपर्यंत वर जायचं, वरती नुसता गुच्छ उरला तरी चालेल. त्या कापावर दालचिनीची पावडर लावतात, किंवा तेच बुरशीनाशक, आणि गुच्छ रिकाम्या ग्लासाच्या तोंडावर ठेवा, पंख्याखाली. एरवी तीन-चार दिवसांत काप सुकतो, पावसाळ्यात आठवडा किंवा जास्तही लागतो. कोरड्या ग्लासातच बारीक गुलाबी पांढरी मुळं फुटलेली दिसली की मग मातीत ठेवा. जुनी माती परत वापरू नका.

पांढरा कापूस

सक्युलंटची खरी कीड एकच, पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात. झाड बरं दिसत असतं, फक्त मधली नवी पानं जरा वाकडी येतात, आणि बेचक्यात वाकून बघितलं तर कापसाचा कण, तो काडीने हलवला की आतून फिकट गुलाबी अंगाचा किडा सरकतो. मुंग्या कुंडीवर ये-जा करत असतील तर आधी हेच तपासा, पिठ्या ढेकूण गोड चिकट रस सोडतो तो मुंग्यांना हवा असतो म्हणून त्या त्याची राखण करतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतातही. झाड लगेच वेगळं ठेवा. इअरबड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक कणाला लावा, जागेवर तपकिरी होऊन मरतो. दर चार-पाच दिवसांनी पुन्हा, महिनाभर तरी, कारण अंडी राहिलेली असतात. जास्त पसरलं असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि लिक्विड सोपचे थोडे थेंब, संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही. एचेवेरियाच्या पानावरची पांढरी पावडर मात्र कीड नसते, ते तिचं उन्हापासूनचं संरक्षण आहे, फवाऱ्याने आणि बोट लावल्याने ते जातं, म्हणून अशा झाडांना इअरबडच बरा. झाड विनाकारण मलूल वाटत असेल आणि वर काहीच दिसत नसेल तर कुंडीतून काढून मुळं बघा, मुळांवरही हीच कीड बसते.

उन्हाळ्याचं थोडक्यात, दुपारी पाणी घालायचं नाही, तापलेल्या मातीत मुळं उकडतात, सूर्य मावळल्यावर घाला. टेरेसच्या तापलेल्या स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. वळवाचा पाऊस एखाद्या संध्याकाळी अचानक येतो, त्याने काही बिघडत नाही, उलट झाडं धुऊन निघतात, फक्त दुसऱ्या दिवशी गुच्छातलं पाणी काढून मगच उन्हात ठेवा. खत थंडीत, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, पुरेसं आहे.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कालांचो (पानफुटी याच जातीतली) वर ठेवा, तो त्यांना विषारी आहे, एचेवेरिया आणि हॉवर्थिया चालतात. शेर, काटेमुकुट, किंवा युफोर्बिया जातीचं काहीही कापताना पांढरा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

पानांपासून नवी रोपं करायची असतील तर घोस्ट प्लांट सगळ्यात सोपं. पान डावीकडे-उजवीकडे हळू हलवून बुंध्यापासून अख्खं सुटलं पाहिजे, तुटलेल्या पानाला कोंब येत नाही. कोरड्या मातीवर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही, थेट ऊन नाही. दोन-तीन आठवड्यांत टोकाला केसासारखी मुळं आणि तांदळाच्या दाण्याएवढं रोप दिसतं, मग मुळांपाशी थोडं थोडं पाणी सुरू करा. आईपान पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. आणि हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवलेल्या पानांची रोपं जूनपर्यंत नखाएवढीच राहतात आणि पहिल्या दमट आठवड्यात जातात. जेड आणि पोर्टुलाकारियाला मात्र एवढं काही लागत नाही, बोटभर फांदी तोडली, चार दिवस सुकवली, कुंडीत खोचली, झालं.